धोतरा घरात येतो तेव्हा

श्रावणी सोमवार, हरतालिका, गणेशचतुर्थी, महाशिवरात्र. वर्षातून निदान एवढ्या वेळा तरी धोतरा आपण स्वतःच्या हाताने, बहुतेकदा पैसे मोजून, घरात आणतो. पत्रीच्या जुडीत बेल, दूर्वा, आघाडा, शमी, माका यांच्याबरोबर धोतऱ्याचं पान असतं. महादेवाच्या पिंडीवर त्याचं पांढरं फूल आणि काटेरी फळ वाहतात. पूजा आटोपली की निर्माल्य दुसऱ्या दिवसापर्यंत देव्हाऱ्यापाशी पडून राहतं आणि मोठी माणसं फराळाच्या गडबडीत असताना रांगतं मूल ते फळ हातात घेऊन बसतं. धोतरा विषारी आहे हे ठाऊक नाही असा माणूस मराठी घरात सापडायचा नाही. पण ते विष चढल्यावर माणूस कसा दिसतो, आणि तसा दिसला तर पहिल्या तासाभरात काय करायचं, हे विचारलं की बहुतेक जण थांबतात. या लेखाचा भर त्या दोन गोष्टींवर आहे.

आधी झाड कोणतं, ते नक्की करू. आपल्याकडे रस्त्याकडेला, उकिरड्यावर, पडीक गावठाणात, रेल्वे रुळांच्या कडेने दिसणारे धोतरे मुख्यतः दोन प्रकारचे. एकाची पानं लवदार, करडट झाक असलेली, फूल पांढरंशुभ्र, फळ खाली लोंबणारं आणि दाट काट्यांचं. दुसरा काळा धोतरा: देठ जांभळट, फूल आत पांढरं आणि बाहेरून जांभळं, कधी एकात एक दोन-तीन कर्णे असलेलं, फळावर काट्यांऐवजी बोथट उंचवटे. पूजेला काळ्याचा मान मोठा. विषाच्या दृष्टीने दोघांत डावं-उजवं करण्यात अर्थ नाही. मूळ, खोड, पान, फूल, फळ, बी, सगळं विषारी आहे आणि बिया विशेष. थंड हवेच्या ठिकाणी बंगल्यांच्या बागेत उलटे टांगलेले मोठे पिवळट किंवा गुलाबी कर्णे असलेलं झुडूप हौसेने लावतात. तो धोतऱ्याचा चुलतभाऊ असून विषही तेच.

पिवळा धोतरा मात्र निराळा. त्यालाच काटेधोतरा किंवा बिलायत म्हणतात. पानं पांढऱ्या शिरांची आणि काटेरी, फूल पिवळंधमक, चीक पिवळा. नावात धोतरा असला तरी तो खसखशीच्या कुळातला आहे. त्याचं विष वेगळं आणि त्याने होणारा आजारही वेगळा. त्याच्या काळ्या बारीक बिया मोहरीत मिसळल्या की तेलातून पायांना सूज येते आणि हृदयावर ताण पडतो. १९९८ साली दिल्लीत या भेसळीने मोठी साथ आली होती. खाली जे सांगणार आहे ते या पिवळ्या धोतऱ्याला लागू नाही. डॉक्टरांना सांगताना नुसतं ‘धोतरा’ न म्हणता पांढरा, काळा की पिवळा ते सांगा.

विष काय करतं

वांगं, टोमॅटो, मिरची, बटाटा, तंबाखू ज्या कुळातले, त्याच कुळातला धोतरा. त्यात हायोसायमिन, अ‍ॅट्रोपिन आणि स्कोपोलामिन ही तीन अल्कलॉइड मुख्य असतात. आपल्या शरीरात लाळ सुटणं, घाम येणं, उजेडात डोळ्याची बाहुली लहान होणं, आतडी हलणं, लघवीची पिशवी रिकामी होणं, हृदयाचे ठोके आवरले जाणं, ही कामं अ‍ॅसिटिलकोलिन नावाच्या द्रव्याच्या निरोपावर चालतात. निरोप जिथे पोचायचा ती जागा ही अल्कलॉइड आधीच अडवून बसतात. मग लाळ बंद, घाम बंद, बाहुली सताड उघडी, आतडी थंड, लघवी तुंबलेली आणि नाडी धावती. मेंदूतही हाच प्रकार होतो आणि माणूस भ्रमात जातो. एवढं एक सूत्र ध्यानात राहिलं की लक्षणांची यादी पाठ करावी लागत नाही.

यातलं अ‍ॅट्रोपिन प्रत्येक सरकारी दवाखान्यात औषध म्हणून ठेवलेलं असतं. ऑर्गॅनोफॉस्फरस कीटकनाशकाची बाधा झालेल्या शेतकऱ्याच्या अंगात अ‍ॅसिटिलकोलिनचा पूर आलेला असतो. तो अडवायला अ‍ॅट्रोपिनसारखं औषध नाही. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि मजूर दगावले, तेव्हापासून हे नाव विदर्भात गावोगाव माहीत झालं. तिथे डॉक्टर हे औषध मोजून देतात, दर काही मिनिटांनी नाडी, घाम आणि छातीतला आवाज पाहून पुढची मात्रा ठरवतात. धोतऱ्याच्या झाडाला हे मोजमाप नाही. एकाच बांधावरच्या दोन झाडांत, एकाच झाडाच्या कोवळ्या आणि जून पानांत, पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात अल्कलॉइडचं प्रमाण बदलतं. त्यामुळे ‘किती बियांपर्यंत चालतं?’ हा प्रश्न कोणी विचारला तर त्याला आकड्यात उत्तर देणारा माणूस एकतर अडाणी आहे किंवा बेजबाबदार. मीही तो आकडा इथे देणार नाही. शिजवल्याने, उकळल्याने, वाळवल्याने विष जातं ही समजूतही सोडून द्या. ही द्रव्यं चुलीवरच्या आचेला बऱ्यापैकी टिकतात.

कसं ओळखायचं

पोटात गेल्यापासून साधारण अर्ध्या ते एका तासात तोंडाला कोरड पडते. बिया अख्ख्या गिळल्या असतील किंवा पोट भरलेलं असेल तर काही तासही लागतात, म्हणून ‘दोन तास झाले, काही झालं नाही’ यावर निर्धास्त होऊ नये. कोरड अशी की जीभ टाळूला चिकटते, आवाज घोगरा होतो, माणूस पाणी मागतो पण घोट घशाखाली उतरत नाही. चेहरा आणि छाती लालबुंद. अंग तापतं, पण घामाचा टिपूस नाही. काखेत हात घालून बघा. ताप असलेल्या किंवा घाबरलेल्या माणसाची काख ओलसर लागते, धोतऱ्याच्या रोग्याची मे महिन्यातसुद्धा कोरडी असते. मग तो उठून चालू लागला तर प्यायल्यासारखा झोक जातो. तोंडाला दारूचा वास मात्र नसतो.

डोळे बघा. मोबाईलचा टॉर्च एका डोळ्यावर बाजूने आणा. निरोगी माणसाची बाहुली उजेडात लगेच बारीक होते. इथे ती मोठीच राहते, इतकी मोठी की बाहुलीभोवतीचा रंगीत कडा जेमतेम दिसतो. जवळचं त्याला दिसत नाही, मोबाईलवरची अक्षरं पुसट होतात आणि उजेडाने तो तोंड फिरवतो.

आणि मग हात. हे एकदा पाहिलेला माणूस विसरत नाही. रोगी बिछान्यावर बसलेला असतो, ओठ पुटपुटत असतात, शब्द अर्धवट, आणि बोटं सतत कामात. चादरीवरून काहीतरी वेचतो. स्वतःच्या बोटांच्या टोकांतून न दिसणारा दोरा ओढून काढतो, तो लांबवतो, न दिसणाऱ्या सुईत ओवतो. समोर नसलेल्या माणसाशी बोलतो, हवेतली वस्तू पकडायला जातो, मधेच कपडे काढू लागतो. नाव विचारलं तर कधी नीट सांगतो आणि पुढच्या वाक्याला भलतीकडे जातो. आपल्याकडच्या न्यायवैद्यकाच्या पुस्तकांनी हे चाळे पिढ्यान्‌पिढ्या नोंदवून ठेवलेत, कारण दुसऱ्या विषांत ते असे एकत्र क्वचितच दिसतात. विष जास्त असेल तर यापुढे गुंगी, झटके, बेशुद्धी, आणि श्वास किंवा हृदय थांबून मृत्यूही येतो. लहान मुलं, म्हातारी माणसं, हृदयरोगी, प्रोस्टेटचा त्रास असलेले पुरुष आणि काचबिंदूचे रोगी यांना थोड्या विषानेही जास्त धोका.

घरच्यांची फसगत तीन ठिकाणी होते. पहिली म्हणजे ‘झपाटलंय’, ‘बाहेरचं काहीतरी आहे’. असं म्हणून माणसाला देवऋषाकडे नेतात आणि मोलाचे चार-सहा तास अंगारे-धुपाऱ्यात जातात. घरात कुणाची कशावर श्रद्धा आहे यावर मला वाद घालायचा नाही. आधी टॉर्च आणि काख बघा, दवाखान्यात पोचवा, बाकीचं नंतर. दुसरी फसगत उन्हाची. विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये तापलेलं कोरडं अंग आणि बरळणं पाहिलं की उष्माघात वाटणारच. तो असला तरी दवाखाना गाठायचाच आहे, तेव्हा इथे चूक झाली तरी नुकसान कमी. तिसरी शेतातली. मजूर अचानक आजारी पडला की लोक फवारणी लागली असं धरून चालतात. पण फवारणीच्या विषात बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते, तोंडातून लाळ-फेस येतो, अंग घामाने चिंब होतं, जुलाब लागतात. धोतऱ्यात सगळं नेमकं उलट. हा फरक डॉक्टरांना फोनवरच सांगा, कारण दोन्हींचे उपचार एकमेकांच्या विरुद्ध आहेत. फवारणीच्या विषावरचं अ‍ॅट्रोपिन धोतऱ्याच्या रोग्याला टोचलं तर विषातच भर पडते.

तण काढून आलेल्या माणसाची एकाच डोळ्याची बाहुली मोठी झालेली दिसते, हाही एक प्रकार. धोतऱ्याचं झाड उपटलं, हाताला रस लागला, त्याच हाताने डोळा चोळला. डोकं दुखत नाही, उलटी नाही, शुद्ध चांगली, फक्त त्या डोळ्याने अंधुक दिसतं. डॉक्टरांना तण काढल्याचं सांगितलं नाही तर ते मेंदूचा विचार करतात आणि स्कॅनचा खर्च होतो. हा परिणाम बहुधा काही दिवसांत उतरतो. मात्र त्या डोळ्यात दुखू लागलं, लाली आली किंवा दिव्याभोवती वलयं दिसू लागली तर थांबू नये. काचबिंदूची प्रवृत्ती असलेल्या डोळ्याला हे महागात पडतं.

कुठून कुठून येतो

पत्रीचं आधी सांगितलं. पत्री आणल्यावर धोतरा, कण्हेर आणि रुई या तीन गोष्टी वेगळ्या करून उंचावर ठेवाव्यात, पूजेला लागतील तेव्हाच खाली घ्याव्यात आणि निर्माल्य त्याच दिवशी हलवावं. फळ ताजं, बंद वाहावं. वाळून उकललेलं फळ घरात आणलं की बिया फरशीभर होतात. पूजेनंतर हात धुतल्याशिवाय प्रसाद वाटू नये. महाशिवरात्रीला भांगेच्या थंडाईत धोतरा घालणारे महाभागही असतात. थंडाईत काय घातलंय हे पेल्यात बघून कळत नाही, म्हणून अनोळखी ठिकाणची थंडाई न पिणं बरं.

धान्यातून येतो तो धोतरा जास्त सावध राहण्यासारखा, कारण तिथे कुणी जाणूनबुजून काही केलेलं नसतं. सोयाबीन, मूग, ज्वारी, बाजरीच्या रानात धोतरा उभा राहतो, पिकाबरोबर कापला जातो, मळणीत फुटतो आणि बिया पोत्यात जातात. सरकारी गहू खरेदीच्या निकषांत धोतऱ्याच्या बियांना ०.०२५ टक्के, म्हणजे क्विंटलला २५ ग्रॅम, यापेक्षा जास्त मुभा नाही. ही मर्यादा मुद्दाम लिहावी लागली यातच काय ते आलं. २०१९ साली युगांडाच्या करामोजा भागात जागतिक अन्न कार्यक्रमाने वाटलेल्या पोषक पिठात हीच द्रव्यं सापडली. सुमारे तीनशे लोक आजारी पडले आणि पाच दगावले. आपल्या घरात धान्य आणून थेट चक्कीवर पाठवायची सवय वाढली आहे. शेतातून किंवा ओळखीच्या शेतकऱ्याकडून सुटं धान्य घेत असाल तर ते परातीत पसरून निवडा. सूप आणि चाळणी अजून कालबाह्य झालेली नाहीत.

निवडताना नेमकं काय शोधायचं? एका पांढऱ्या ताटलीत लाल मिरचीच्या बिया आणि धोतऱ्याच्या बिया शेजारी ठेवल्या तर पहिल्या नजरेत फसायला होतं, दोन्ही पिवळट आणि चपट्या. आता भिंगातून बघा. मिरचीचं बी पातळ, गुळगुळीत, जवळजवळ गोल, कडेला एकच धारदार किनार. धोतऱ्याचं बी जाड, मूत्रपिंडाच्या आकाराचं, रंगाने तपकिरीकडे झुकणारं, पृष्ठभाग बारीक खड्ड्यांचा आणि बाहेरच्या कडेला दुहेरी किनार. वासाने कळत नाही. आणि चवीने ओळखायच्या भानगडीत पडू नका. मिरचीचं तिखट आणि धोतऱ्याचं कडू असतं हे खरं, पण ती परीक्षा प्रयोगशाळेसाठी सोडावी. बी ताटात एकटं सापडलं तरी पूर्ण पोतं पुन्हा निवडून घ्यावं.

भाजीतला धोतरा बहुधा कोवळा असतो. पालक, माठ, चाकवताच्या वाफ्यात उगवलेलं रोप कापणीत सोबत येतं. डिसेंबर २०२२ मध्ये ऑस्ट्रेलियात पाकीटबंद कोवळ्या पालकात याच जातीचं तण मिसळलं गेलं आणि अनेक लोकांना दवाखाना गाठावा लागला. यंत्राने कापणाऱ्या मोठ्या शेतांत हे होऊ शकतं, तिथे आपल्या जुडीचं काय. पालेभाजी निवडताना वेगळ्या आकाराचं, लवदार किंवा तळाशी एक बाजू वर आणि एक खाली असलेलं पान दिसलं तर चुरडून वास घ्या. धोतऱ्याचा वास उग्र, नकोसा असतो. शंका आली की ते पान नव्हे, ती जुडीच टाकून द्या. पावसाळ्यात रानभाज्यांची हौस करणाऱ्यांनी टाकळा, कुर्डू, भारंगी ओळखणाऱ्या बाईकडूनच घ्यावी. फोटोवर भाजी ओळखणाऱ्या मोबाईल अ‍ॅपवर जेवण सोपवू नये. गुरं हिरवा धोतरा सहसा तोंडाला लावत नाहीत, पण कडब्यात वाळून किंवा मुरघासात मिसळून गेला की खातात, हे पशुपालकांनी ध्यानात ठेवावं.

औषध म्हणून येणाऱ्या धोतऱ्याबद्दल जरा सविस्तर बोलावं लागेल. दम्यावर धोतऱ्याच्या पानांचा धूर घेण्याची पद्धत आपल्याकडे जुनी. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती मद्रासहून ब्रिटनला गेली आणि तिथे पुढे दम्याच्या सिगारेटी म्हणून विकली गेली. श्वासनलिका सैल होते हे खरंच आहे. आज इनहेलरमध्ये मिळणारं इप्राट्रोपियम अ‍ॅट्रोपिनच्याच घराण्यातलं आहे. फरक इतकाच की ते मेंदूत जवळपास शिरत नाही आणि प्रत्येक दाबाला किती निघणार हे ठरलेलं असतं. चिलमीतल्या पानाचं काय ठरलेलं असतं? आयुर्वेदात धोतरा शोधन करून वापरतात, कनकासवात तो असतो. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांच्या ई-१ परिशिष्टात धोतऱ्याची गणना विषारी द्रव्यांत केली आहे आणि अशा औषधाच्या वेष्टनावर वैद्यकीय देखरेखीखालीच घेण्याची सूचना छापणं बंधनकारक आहे. तेव्हा वैद्यांनी लिहून दिलेलं, लेबल असलेलं औषध ठरल्या मात्रेत घेणं वेगळं आणि शेजारच्या काकूंनी सांगितलं म्हणून परसातली पानं वाटून घेणं वेगळं. सांध्यावर पान गरम करून बांधायची रीत पुष्कळ घरांत आहे. त्वचा खरचटलेली असेल तर तेही नको, आणि बांधलं तर हात साबणाने धुतल्याशिवाय डोळ्याला लावू नका. लहान मुलाला तर कुठल्याच रूपात नको.

शेवटची वाट परक्या माणसाची. ती आजची नाही. गार्सिया द ओर्ता याने १५६३ साली गोव्यात छापलेल्या औषधी द्रव्यांवरच्या ग्रंथात धोतरा चारून घर लुटल्याची हकिगत आहे आणि काही वर्षांनी गोव्यात राहून गेलेल्या डच प्रवासी लिन्सखोटेननेही त्याच्या गैरवापराबद्दल लिहिलं आहे. पुढे ठग आणि नंतर रेल्वेतले लुटारू. आज प्रवासात गुंगीसाठी झोपेच्या गोळ्या जास्त वापरतात, तरी परक्याने दिलेलं बिस्कीट, चहा, पेढा नाकारायचा नियम दोन्हींना सारखाच लागू. नको म्हणताना संकोच वाटतो हे मान्य. ‘पोट बिघडलंय’ एवढं म्हटलं की भागतं.

बाधा झालीच तर

तोंडात पान किंवा बी असेल तर बोटाने काढा, शुद्धीवर असेल तर चूळ भरायला लावा. उलटी करवू नका. मिठाचं पाणी पाजून, घशात बोटं घालून उलटी काढण्याची आपली सवय इथे घातक आहे, कारण रोग्याला गिळता येत नाही, तो गुंगीत जाऊ शकतो आणि उलटी श्वासनलिकेत शिरते. त्याच कारणासाठी ताक, चिंचेचं पाणी, लिंबू, तूप काहीही पाजू नका. अंग तापलंय म्हणून पॅरासिटामॉल देण्यातही हशील नाही, तो ताप त्या जातीचा नाही. कपडे सैल करा, ओल्या फडक्याने अंग पुसा, पंखा लावा. गुंगी असेल तर कुशीवर झोपवा.

रोगी बरळत असेल तर त्याच्याशी वाद घालू नका. समोर साप दिसतोय म्हणाला तर ‘साप नाहीये’ हे दहा वेळा सांगून तो शांत होत नाही, उलट बिथरतो. मंद उजेडाची शांत खोली, एकच ओळखीचा आवाज, जिना आणि विहीर यांपासून दूर. बाकीच्या बघ्यांना बाहेर काढा. घरातली ‘शांत करणारी’ गोळी देऊ नका. विशेषतः सर्दी-खाजेवरचं फेनिरामाईन, उलटीवरचं प्रोमेथाझिन, पोटदुखीवरचं डायसायक्लोमिन टाळा. यांचा काही गुण धोतऱ्यासारखाच आहे.

१०८ ला फोन करा. दिल्लीच्या एम्समधल्या राष्ट्रीय विष माहिती केंद्राचा मोफत क्रमांक १८००-११६-११७ आहे. तो नातेवाइकांनी आणि गावच्या डॉक्टरांनी, दोघांनीही वापरावा. सोबत झाडाची फांदी, फळ, उरलेलं अन्न, उलटी झाली असेल तर तीही डब्यात घालून न्या. कधी, काय, साधारण किती खाल्लं आणि आणखी कोणी खाल्लं हे लिहून न्या. एकाच घरातले दोघे-तिघे एकदम असे झाले तर जेवण संशयास्पद आहे. मग ज्यांना अजून काही झालेलं नाही त्यांनाही सोबत घेऊन जा.

दवाखान्यात जे होईल त्याने नातेवाईक घाबरतात, म्हणून थोडं आधीच सांगून ठेवतो. आतडी मंदावलेली असल्याने बिया पोटात बराच वेळ पडून राहतात. त्यामुळे खाऊन काही तास उलटले असले तरी डॉक्टर परिस्थिती पाहून पोट धुण्याचा किंवा कोळशाची पूड देण्याचा निर्णय घेतात. हृदयाचा आलेख सतत चालू ठेवतात. तुंबलेल्या लघवीसाठी नळी घालतात. ओटीपोट फुगून माणूस तडफडत असतो, ती नळी घातली की निम्मा आक्रस्ताळेपणा कमी होतो. शांत करण्यासाठी लोराझेपाम किंवा मिडाझोलामसारखं इंजेक्शन देतात. फायसोस्टिग्मिन हा या विषाचा थेट उतारा आहे, पण तो सगळीकडे नसतो आणि सगळ्यांना देतही नाहीत. तो दिला नाही म्हणून उपचार अपुरे झाले असं समजू नका. बहुतेक रोगी चांगल्या देखरेखीखाली एक-दोन दिवसांत भानावर येतात. मधल्या वेळेचं त्यांना फारसं आठवत नाही. काय काय केलंस ते हसत हसत सांगून त्यांना लाजवू नये.

विषबाधेची नोंद पोलिसांकडे जाते. यात घाबरण्यासारखं काही नाही, दवाखान्याचा तो नियम आहे. पोट धुतल्यावर निघालेलं पाणी सीलबंद करून न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेकडे पाठवलं जाऊ शकतं. कुणी मुद्दाम चारलं असेल तर तो भारतीय न्याय संहितेच्या कलम १२३ खालचा गुन्हा आहे आणि शिक्षा दहा वर्षांपर्यंत आहे. म्हणूनच ‘काय खाल्लं ते माहीत नाही’ असं लपवून सांगू नका. बदनामीच्या भीतीने सांगितलेलं खोटं डॉक्टरांना भलत्या उपचाराकडे नेतं.

घरी आल्यावर आठवडाभर बाहुली मोठी राहू शकते. तोवर वाहन चालवू नये, यंत्रावर किंवा उंचावर काम करू नये, उन्हात काळा चष्मा वापरावा. मुलांना वाचायला त्रास होतो, शाळेत तसं कळवून ठेवावं.

परसातलं आणि बांधावरचं झाड काढायचं तर फूल येण्याआधी, पाऊस पडून माती ओली असताना मुळासकट उपटावं. हातमोजे नसतील तर प्लास्टिकच्या पिशवीत हात घालावा, नंतर साबणाने हात धुवावेत. फळं धरली असतील तर आधी ती तोडून पिशवीत बंद करावीत आणि मग झाड उपटावं. ते कंपोस्टच्या खड्ड्यात टाकू नये, जाळूही नये, धूर अंगावर घेण्यात काही शहाणपण नाही. हिरवी झाडं वस्तीपासून आणि गुरांपासून दूर खोल पुरावीत. धोतऱ्याचं बी मातीत अनेक वर्षं जिवंत राहतं. एकदा उपटून रान मोकळं झालं असं होत नाही. पुढच्या दोन-चार पावसाळ्यांत जून-जुलैमध्ये त्याच जागी फेरी मारून कोवळी रोपं काढावी लागतात, आणि शेजाऱ्याच्या बांधावर तो उभा असेल तर त्यालाही बोलवावं लागतं.